कुंपण नसलेल्या पाण्याची राखण : भारतीय नौदल कसे चालते

मार्च २०२४ मध्ये भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटर दूर, अरबी समुद्रात, 'आयएनएस कोलकाता' या युद्धनौकेने 'रुएन' नावाचे मालवाहू जहाज अडवले. सोमाली चाच्यांनी ते तीन महिन्यांपूर्वी पळवले होते आणि आता त्याचाच फिरता तळ करून ते आणखी जहाजांवर हल्ले करणार, असा संशय होता. सुमारे ४० तास चाललेल्या कारवाईनंतर ३५ चाचे शरण आले, ओलीस ठेवलेले १७ खलाशी सुखरूप सुटले आणि आठवडाभरात ते चाचे मुंबईत पोलिसांच्या ताब्यात होते. बातमी वाचून अनेकांना अभिमान वाटला, आणि अनेकांना प्रश्नही पडले. जहाजावर माल्टाचा झेंडा, मालकी बल्गेरियाची, खलाशी बल्गेरिया, म्यानमार आणि अंगोलाचे. त्यांत एकही भारतीय नाही. मग आपले नौदल तिथे का गेले? इतक्या दूर पकडलेल्या माणसांवर मुंबईत खटला कसा चालवता येतो? आणि मुळात युद्ध नसताना आपल्या युद्धनौका तिथे काय करत होत्या?

प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे शोधताना, नौदल म्हणजे पाण्यावरचे सैन्य, ही आपली पक्की समजूत मात्र थोडी बाजूला ठेवावी लागते.

भूदल जागा राखते, नौदल वाट राखते

भूदलाचे काम आपल्याला सहज कळते, कारण ते नकाशावर बोट ठेवून दाखवता येते. एखादे शिखर ताब्यात आले की तिथे चौकी उभारता येते, खंदक खणता येतो, आणि जवान तिथे बसला आहे तोवर ती जागा आपली असते. समुद्रावर यांतले काहीच शक्य नसते. पाण्यावर कुंपण घालता येत नाही, आणि जहाज पुढे सरकले की मागचे पाणी पुन्हा पहिल्यासारखे मिटून जाते. त्यामुळे समुद्र जिंकण्याची भाषा नौदलात कोणी करत नाही. आपली जहाजे हव्या त्या वेळी, हव्या त्या वाटेने सुरक्षित जाऊ शकली पाहिजेत आणि युद्ध पेटलेच तर शत्रूची जाऊ शकता कामा नयेत, एवढे साधले की नौदलाचे काम झाले. या स्थितीला 'सागरी नियंत्रण' म्हणतात, आणि ते नेहमी काही काळापुरते व काही भागापुरतेच असते.

वाटेचे एवढे महत्त्व कशासाठी, हे व्यापाराकडे पाहिले की उमगते. भारताच्या परदेश व्यापारातला आकारमानाने सुमारे ९५ टक्के आणि मूल्याने सुमारे ७० टक्के माल समुद्रमार्गे जातो-येतो. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८० टक्क्यांहून अधिक तेल आयात होते, आणि ते बोटींतूनच येते. या बोटी समुद्रभर विखुरलेल्या नसतात. त्या ठरलेल्या मार्गांनी चालतात आणि काही अरुंद जागी, घाटातल्या खिंडीत गाड्या याव्यात तशा, एकामागोमाग एक गोळा होतात. इराण आणि ओमान यांच्यामधली होर्मुझची सामुद्रधुनी, तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेली बाब-एल-मांदेब आणि पूर्वेकडची मलाक्का या आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या तीन खिंडी होत. २०२३ च्या अखेरीस येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रातल्या जहाजांवर क्षेपणास्त्रे आणि ड्रोन सोडायला सुरुवात केली, तेव्हा अनेक कंपन्यांनी आपली जहाजे आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. युरोपच्या एका फेरीला दहा ते चौदा दिवस जास्त लागू लागले, विमा महागला, भाडे वाढले, आणि त्याचा भार युद्धाशी काहीही संबंध नसलेल्या निर्यातदारांवर पडला. नौदलाचे काम बिघडले की त्याचा पहिला चटका बाजारात जाणवतो तो असा.

कुठपर्यंतचे पाणी आपले?

समुद्रावरचे अंतर सागरी मैलांत मोजतात; एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराप्रमाणे किनाऱ्याच्या आधाररेषेपासून १२ सागरी मैलांपर्यंतचा पट्टा हा त्या देशाचा 'प्रादेशिक समुद्र' असतो. हे घराचे अंगण समजावे. तिथे आपलेच कायदे चालतात, फक्त कोणतीही आगळीक न करता सरळ निघून जाणाऱ्या परक्या जहाजाला वाट द्यावी लागते. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंत 'अनन्य आर्थिक क्षेत्र' असते, आणि सर्वाधिक गोंधळ याच पट्ट्याबद्दल असतो.

ज्यांच्या शेतातून गावाची वहिवाट जाते त्यांना हा पट्टा लगेच समजेल. शेतातले पीक मालकाचे असते आणि तिथे दुसऱ्याला विळा लावता येत नाही. पण वहिवाटीच्या वाटेने जाणाऱ्याला मालक अडवू शकत नाही. अनन्य आर्थिक क्षेत्रातले मासे, तेल, वायू, तळातली खनिजे यांवर हक्क किनाऱ्याच्या देशाचा. जहाजांची ये-जा मात्र सर्वांना मोकळी. भारताचे असे क्षेत्र २० लाख चौरस किलोमीटरहून मोठे आहे. गावात वहिवाटीवरून वाद होतात तसे इथेही होतात. परक्या देशाने या क्षेत्रात लष्करी सराव करण्याआधी आपली संमती घ्यावी, अशी भारताची भूमिका आहे. अमेरिकेला ती मान्य नाही, आणि एप्रिल २०२१ मध्ये तिच्या एका युद्धनौकेने लक्षद्वीपजवळ मुद्दाम संमतीशिवाय फेरी मारून तसे जाहीरही केले होते.

२०० सागरी मैलांच्या पलीकडचा खुला समुद्र कोणाचाच नाही. मग तिथे गुन्हा घडला तर फिर्याद कोण घेणार? याच अडचणीतून एक जुना नियम निघाला आणि तो करारातही आला : कोणाच्याच हद्दीत नसलेल्या पाण्यात चाचेगिरी करणाऱ्याला कोणत्याही देशाची युद्धनौका पकडू शकते आणि तो देश त्याच्यावर खटलाही चालवू शकतो. भारताने त्यासाठी २०२२ मध्ये स्वतंत्र चाचेगिरीविरोधी कायदा केला. 'रुएन'वरचे चाचे मुंबईत आणता आले ते याच तरतुदींमुळे. त्याआधीच्या काळात चाच्यांना पकडल्यावर पुढे काय करायचे, हाच अनेक देशांपुढचा पेच होता, आणि पुष्कळदा शस्त्रे काढून घेऊन त्यांना सोडून दिले जाई.

युद्ध, आणि युद्धाव्यतिरिक्तचे सारे

नौदलाची कामे चार प्रकारची मानली जातात : लढणे, राजनयाला हातभार लावणे, समुद्रावर पोलिसी करणे आणि संकटात मदत करणे. पहिल्यासाठी ते उभे केलेले असते आणि उरलेल्या तिन्हींत त्याचे बहुतेक दिवस जातात.

लढाईचे काम समजून घ्यायला १९७१ चे उदाहरण अजूनही सर्वांत चांगले आहे. ४ डिसेंबरच्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या तीन छोट्या क्षेपणास्त्र नौकांनी 'किल्तान' आणि 'कच्छल' या मोठ्या जहाजांच्या साथीने कराचीवर हल्ला केला. या नौका मुळात आपल्याच बंदराच्या रक्षणासाठी घेतलेल्या, कमी पल्ल्याच्या. त्या शत्रूच्या दारापर्यंत नेण्याची कल्पनाच धाडसी होती. चार दिवसांनी दुसरा हल्ला झाला आणि कराचीतले तेलाचे साठे पेटले. पूर्वेकडे जुन्या 'विक्रांत'ने बंगालच्या उपसागरात नाकेबंदी केली, त्यामुळे पूर्व पाकिस्तानातल्या सैन्याला समुद्रमार्गे कुमक मिळण्याची आणि माघारीचीही वाट बंद झाली. नौदलाने या युद्धात शत्रूची एक इंचही जमीन घेतली नाही. त्याने दोन वाटा बंद केल्या, आणि जमिनीवरच्या लढाईचा निकाल लवकर लागण्यात त्याचा मोठा वाटा होता. त्याची किंमतही मोजावी लागली. ९ डिसेंबरला दीवजवळ 'खुकरी' ही आपली फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. ४ डिसेंबरचा नौदल दिन साजरा करताना ही ९ तारीखही आपण लक्षात ठेवायला हवी, असे मला फार वाटते.

लढाईच्याच कामाचा एक भाग कधीच दिसत नाही, आणि तो दिसू नये यातच त्याचे यश असते. अण्वस्त्राचा वापर आपण प्रथम करणार नाही, असे भारताचे धोरण आहे. पण पहिला घाव सोसायची तयारी ठेवायची, तर त्यानंतर उलट घाव घालायला काहीतरी शिल्लक राहिले पाहिजे. जमिनीवरचे तळ आणि धावपट्ट्या उपग्रहांना दिसतात. खोल पाण्यातली पाणबुडी दिसत नाही. साध्या डिझेल पाणबुडीला बॅटरी भरण्यासाठी अधूनमधून पृष्ठभागाजवळ यावे लागते आणि तिथेच ती सापडते. अणुऊर्जेवर चालणारी पाणबुडी महिनोन्‌महिने खाली राहू शकते. तिला मर्यादा असते ती आतल्या माणसांच्या शिधासामग्रीची आणि सहनशक्तीची. २०१६ मध्ये दाखल झालेली 'अरिहंत' आणि २०२४ मधली 'अरिघात' या पाणबुड्या त्यासाठी आहेत.

बाकीची कामे अधिक ओळखीची. २००४ च्या त्सुनामीत स्वतःच्या किनाऱ्यावर हाहाकार उडालेला असतानाच नौदलाने श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशियाकडे जहाजे पाठवली. २०१४ मध्ये मालदीवची राजधानी माले या शहराचा पाणी शुद्ध करणारा प्रकल्प जळाला, तेव्हा 'सुकन्या' आणि 'दीपक' ही जहाजे गोडे पाणी घेऊन, आणि समुद्राचे पाणी गोडे करण्याची स्वतःची यंत्रे चालवत, तिथे उभी राहिली. २०१५ मध्ये येमेनमध्ये बॉम्बवर्षाव चालू असताना 'सुमित्रा' एडनच्या बंदरात शिरली आणि अडकलेल्या भारतीयांना घेऊन बाहेर पडली. त्या मोहिमेत इतर अनेक देशांच्या नागरिकांचीही सुटका झाली. जहाजाचे वेगळेपण इथे लक्षात येते. ते आपले घर, दवाखाना, स्वयंपाकघर, पाणी आणि वीज बरोबर घेऊन फिरते, आणि परक्या देशात तळ न मागता त्याच्या किनाऱ्याबाहेर कित्येक दिवस थांबू शकते. विमानाला हे जमत नाही.

समुद्राचे नकाशे बनवण्याचे कामही नौदलाकडेच असते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. पाण्याखाली खडक कुठे, गाळ किती, खोली किती, हे मोजणारी सर्वेक्षण जहाजे नौदलाची असतात आणि त्यावरून तयार होणारे नकाशे व्यापारी जहाजेही वापरतात. हे काम सांभाळणारे राष्ट्रीय कार्यालय समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, डेहराडूनला आहे.

जहाजाच्या आतली रचना

युद्धनौका म्हणजे एक छोटे गाव असते, आणि ते एका क्षणासाठीही झोपत नाही. नव्या 'विक्रांत'वर सुमारे १,६०० माणसे असतात. विनाशिकेवर, म्हणजे विमाने, जहाजे आणि पाणबुड्या या तिन्हींशी लढू शकणाऱ्या मोठ्या युद्धनौकेवर, काही शे. तिच्याहून साधारणपणे थोडी लहान ती फ्रिगेट, आणि त्याहून लहान, किनाऱ्याच्या जवळपास अधिक उपयोगाची ती कॉर्व्हेट. या नावांच्या सीमारेषा देशोदेशी बदलतात, तेव्हा त्यांत फार अडकू नये.

जहाजावर चार मुख्य विभाग असतात. जहाज हाकणारा आणि शस्त्रे चालवणारा कार्यकारी विभाग, इंजिने सांभाळणारा अभियांत्रिकी विभाग, रडारपासून दिव्यांपर्यंत सारी वीज पाहणारा विद्युत विभाग, आणि अन्न, सुटे भाग व हिशेब सांभाळणारा रसद विभाग. सर्वांवर कमांडिंग ऑफिसर, आणि जहाजाचा रोजचा संसार ओढणारा त्याच्या हाताखालचा एक्झिक्युटिव्ह ऑफिसर. पहाऱ्याच्या पाळ्या चार-चार तासांच्या असतात. चोवीस तासांत अशा सहा पाळ्या बसतात. पण सहाला दोननेही आणि तीननेही पूर्ण भाग जातो, त्यामुळे पहारा देणाऱ्या तुकड्यांची संख्या दोन किंवा तीन असेल तर एकाच तुकडीच्या वाट्याला रोज मध्यरात्र येईल. म्हणून दुपारी चार ते रात्री आठ ही पाळी दोन-दोन तासांच्या दोन भागांत मोडतात. पाळ्या सात होतात आणि रात्रीचे जागरण आपोआप सर्वांमध्ये फिरत राहते. शिडाच्या जहाजांच्या काळातली ही तोड आजही चालते.

हुद्द्यांबाबतही एक खुलासा आवश्यक आहे, कारण बातम्यांमध्ये त्याची सतत गल्लत होते. भूदलातला कॅप्टन हा तरुण अधिकारी असतो. नौदलातला कॅप्टन त्याच्या कितीतरी वर, भूदलातल्या कर्नलच्या बरोबरीचा. भूदलातल्या कॅप्टनच्या तोडीचा नौदलातला हुद्दा लेफ्टनंट. त्यातच, जहाजाच्या प्रमुखाला त्याचा हुद्दा कोणताही असला तरी बोलण्यात 'कॅप्टन'च म्हणतात. कॅप्टनच्या वर कमोडोर, मग रिअर ॲडमिरल, व्हाइस ॲडमिरल आणि ॲडमिरल. शेवटचा हुद्दा सेवेत असलेल्या एकाच अधिकाऱ्याकडे, म्हणजे नौदलप्रमुखाकडे, असतो. तिन्ही दलांचा प्रमुख नौदलातून आला तरच अपवाद.

लोणावळ्यात जहाज कसे?

'आयएनएस' म्हणजे भारतीय नौदलाचे जहाज. मग सह्याद्रीच्या माथ्यावर, लोणावळ्याला, 'आयएनएस शिवाजी' कशी? ही नौदलाची सागरी अभियांत्रिकी शिकवणारी संस्था आहे, आणि अशी 'जमिनीवरची जहाजे' पुष्कळ आहेत : मालाडला 'हमला', जामनगरला 'वलसुरा', ओडिशात नवे नौसैनिक घडवणारी 'चिल्का', कुलाब्याचे 'अश्विनी' रुग्णालय. ब्रिटिश नौदलात शिस्तीचा कायदा जहाजाच्या पटावर नाव असलेल्या माणसांनाच लागू होत असे. किनाऱ्यावर काम करणाऱ्यांना तो लावण्यासाठी इमारतींनाच जहाजाचा दर्जा दिला जाऊ लागला, आणि ती प्रथा आपल्याकडेही राहिली. तिथला नौसैनिक फाटकाबाहेर सुटीवर निघाला की 'किनाऱ्यावर चाललो' असे म्हणतो.

ही गमतीची वाटणारी गोष्ट नौदलाच्या रचनेबद्दल फार महत्त्वाचे काही सांगते. समुद्रावर दिसणारे नौदल हा त्याचा लहान भाग आहे; मोठा भाग गोद्या, कार्यशाळा, दारूगोळ्याची कोठारे, विमानतळ, शाळा आणि रुग्णालये यांचा आहे. अधिकारी केरळमधल्या एळिमला इथल्या अकादमीत घडतात. पुढे तोफखान्याचे शिक्षण कोचीला, पाणबुडीचे विशाखापट्टणमला, इंजिनांचे लोणावळ्याला.

तीन कमांड, दोन ताफे

नवी दिल्लीतल्या मुख्यालयात नौदलप्रमुखाच्या हाताखाली चार वरिष्ठ अधिकारी असतात. एक योजना पाहतो, एक मोहिमा, एक माणसे आणि एक जहाजे व यंत्रसामग्री. प्रत्यक्ष नौदल तीन कमांडमध्ये विभागलेले आहे. मुंबईची पश्चिम कमांड आणि विशाखापट्टणमची पूर्व कमांड या लढणाऱ्या कमांड. प्रत्येकीकडे एक ताफा असतो. कोचीच्या दक्षिण कमांडकडे प्रशिक्षण आहे. प्रत्येकीचा प्रमुख व्हाइस ॲडमिरल असतो, तर समुद्रावर ताफा घेऊन जाणारा रिअर ॲडमिरल. याखेरीज २००१ पासून अंदमान-निकोबारमध्ये भूदल, नौदल आणि हवाई दल यांची मिळून एक संयुक्त कमांड आहे, कारण मलाक्काच्या तोंडावर पहारा द्यायला त्या बेटांइतकी सोयीची जागा आपल्याकडे दुसरी नाही.

ही रचना कामाला लागते कशी, ते 'रुएन'मध्ये दिसले. समुद्रावर 'कोलकाता' होती आणि तिच्या मदतीला 'सुभद्रा' ही गस्ती नौका आली. वर नौदलाची टेहळणी करणारी विमाने आणि ड्रोन होते. 'मार्कोस' हे नौदलाचे कमांडो आणि त्यांच्या बोटी हवाई दलाच्या सी-१७ विमानाने थेट समुद्रात उतरवल्या. बातमीत एका जहाजाचे नाव आले. त्याच्यामागे दोन दलांची एकमेकांत गुंफलेली यंत्रणा होती.

तीन जहाजांतले एकच समुद्रावर का असते?

नौदलाकडे इतकी जहाजे असताना आणखी कशाला, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. एसटीच्या आगारात उभ्या असलेल्या सगळ्या गाड्या त्या दिवशी रस्त्यावर धावणाऱ्या नसतात, हे आपल्याला ठाऊक असते. जहाजांचे तसेच, आणि जरा जास्तच कठोरपणे. खारे पाणी लोखंड खाते, तळाला शंख-शिंपले चिकटून वेग कमी होतो, इंजिने उघडावी लागतात. म्हणून ढोबळ हिशेब असा धरतात, की तीन जहाजांपैकी एक मोहिमेवर, एक दुरुस्तीला आणि एक दुरुस्तीहून परतून पुन्हा सराव करत असते. एका ठिकाणी कायम एक जहाज उभे ठेवायचे असेल तर हाताशी किमान तीन हवीत.

दुसरे असे, की जहाज लवकर मिळत नाही. 'जलावतरण' आणि 'नौदलात दाखल होणे' या दोन घटना बातम्यांत एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. जलावतरणात जहाजाचा सांगाडा पहिल्यांदा पाण्यात उतरतो. त्यानंतर यंत्रे, शस्त्रे, केबल आणि चाचण्या. नव्या 'विक्रांत'चा कणा कोचीत २००९ मध्ये बसवला, जलावतरण २०१३ मध्ये झाले आणि ती नौदलात दाखल झाली २ सप्टेंबर २०२२ रोजी. आज संकट दिसले म्हणून आज मागवता येईल अशी ही वस्तू नाही. दहा वर्षांनी समुद्रावर काय हवे, याचा निर्णय आजच करावा लागतो. जहाजबांधणीची परंपरा आपल्याकडे नव्हती असे मात्र नाही; मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेले, १८१७ सालचे 'ट्रिंकोमाली' अजूनही इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे तरंगते आहे.

तटरक्षक दल असताना नौदल वेगळे कशाला?

करड्या रंगाची जहाजे नौदलाची आणि पांढऱ्या रंगाची, तिरक्या पट्ट्यांची, तटरक्षक दलाची. १९७७ मध्ये सुरू झालेले हे स्वतंत्र दल संरक्षण मंत्रालयाखालीच आहे, पण त्याचे काम तस्करी, बेकायदा मासेमारी, तेलगळती आणि बुडणाऱ्यांची सुटका यांचे. त्याच्या आत, किनाऱ्यालगत, राज्यांचे सागरी पोलीस. क्षेपणास्त्रांनी सज्ज विनाशिकेला डिझेलच्या तस्करांमागे धाडणे परवडणारे नाही आणि शहाणपणाचेही नाही.

तरीही थर वेगळे केले की त्यांच्यामध्ये फट राहते. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी 'कुबेर' ही मासेमारी नौका ताब्यात घेऊन त्या फटीतूनच आले. त्यानंतर २००९ मध्ये किनारी सुरक्षेसह एकूण सागरी सुरक्षेची जबाबदारी नौदलावर टाकण्यात आली, किनाऱ्यावर रडारांची साखळी उभी राहिली आणि सगळीकडची माहिती एकत्र पाहणारे केंद्र गुरुग्रामला सुरू झाले. लाखो छोट्या होड्यांतून एक संशयास्पद होडी ओळखायची तर यंत्रांइतकेच कोळी बांधवांचे डोळेही लागतात. समुद्रावर अनोळखी हालचाल सर्वांत आधी त्यांनाच दिसते.

क्षेपणास्त्रांच्या काळात मोठी जहाजे म्हणजे आयते लक्ष्य नव्हे का?

हा आक्षेप गंभीर आहे. एप्रिल २०२२ मध्ये रशियाची 'मॉस्क्वा' ही काळ्या समुद्रातल्या ताफ्याची प्रमुख युद्धनौका युक्रेनच्या क्षेपणास्त्रांनी बुडाली, आणि युक्रेनकडे सांगण्याजोगे नौदलही नव्हते. तांबड्या समुद्रात स्वस्त ड्रोन पाडण्यासाठी कितीतरी महाग क्षेपणास्त्रे खर्च करावी लागली. म्हणूनच मोठे जहाज एकटे जात नाही. विमानवाहू नौकेभोवती विनाशिका, फ्रिगेट, पाणबुडी आणि इंधनाचे जहाज असा गोतावळा असतो आणि वर तिचीच विमाने. काळा समुद्र लहान व बंदिस्त आहे. खुल्या महासागरात ताशी तीस सागरी मैलांच्या जवळपास वेगाने सरकणारे जहाज नुसते शोधणे हेही सोपे नसते. तरीही तिसरी विमानवाहू नौका घ्यावी की त्या पैशांत पाणबुड्या, हा वाद खरा आहे आणि तो उघडपणे व्हावा.

माझ्या मते त्याहून अधिक काळजीची गोष्ट कमी बोलली जाते. समुद्री सुरुंग हे अगदी स्वस्त शस्त्र आहे. बंदराच्या तोंडाशी थोडे सुरुंग असल्याची नुसती शंका आली तरी व्यापारी जहाजे आत येत नाहीत. आपले शेवटचे जुने सुरुंगनाशक जहाज २०१९ मध्ये निवृत्त झाले आणि त्यांची जागा घेणारी नवी जहाजे बांधण्याचा निर्णय वर्षानुवर्षे रेंगाळला. विमानवाहू नौकेचे छायाचित्र पहिल्या पानावर येते, सुरुंगनाशकाचे येत नाही. पण बंदर उघडे राहिले नाही, तर विमानवाहू नौकाही आतच अडकून पडेल.

परक्या जहाजासाठी आपली माणसे धोक्यात का घालायची?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. जहाजाचा झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या देशाचा, माल तिसऱ्याचा आणि खलाशी चौथ्या देशाचे, ही आज समुद्रावरची रोजची स्थिती आहे. जानेवारी २०२४ मध्ये सोमालियाजवळ 'लीला नॉरफोक' या जहाजात चाचे शिरल्याची खबर आली, तेव्हा त्यावर झेंडा लायबेरियाचा होता, पण २१ खलाशांपैकी १५ भारतीय होते. 'आयएनएस चेन्नई'वरचे मार्कोस जहाजावर चढले तेव्हा सारे खलाशी सुरक्षित खोलीत दडून बसलेले सापडले. झेंडा पाहून मदत करायची ठरवले असते तर ते १५ जण कोणाच्याच हिशेबात आले नसते. शिवाय चाचे फक्त परकी जहाजे निवडत नाहीत. एक पळवलेले जहाज त्यांच्या हाती राहिले की त्यांचा पल्ला शेकडो मैलांनी वाढतो आणि त्या पल्ल्यात आपली जहाजे येतात.

राहिला प्रश्न युद्ध नसताना तिथे असण्याचा. ताशी १५ सागरी मैल या नेहमीच्या वेगाने जहाज दिवसाला ३६० सागरी मैल, म्हणजे साधारण ६७० किलोमीटर कापते. २,६०० किलोमीटर जायला त्याला जवळजवळ चार दिवस लागतील, आणि संकटात सापडलेल्या खलाशांकडे बहुधा काही तासच असतात. वेळेवर पोहोचणारे जहाज खबर येण्याआधीच बंदर सोडून गेलेले असते. एडनच्या आखातात भारतीय नौदल २००८ पासून सतत गस्त घालत आले आहे, आणि तिथले एक जहाज परतीला लागण्याआधी त्याच्या जागी जाणारे दुसरे बंदरातून निघालेले असते.